तळहातावरची कॅप्सूल

रेश्मा तांबोळीच्या वहीत एकोणतिसाव्या दिवसाच्या पानावर अंगठ्याएवढा लाल डाग होता.

ती वही म्हणजे आमच्या अभ्यासाचा जीव. मोठ्या आतड्याला सूज येऊन आत जखमा होतात, शौचावाटे रक्त जातं, माणूस दिवसातून आठ-दहा वेळा पळत सुटतो, असा एक चिवट आजार आहे. त्यावर हळदीपासून काढलेलं एक औषध कॅप्सूलमधून द्यायचं आणि आठ आठवड्यांत काय फरक पडतो ते बघायचं, असं ते काम. नेहमीच्या गोळ्या सगळ्यांना चालूच, वर ही कॅप्सूल. निम्म्या पेशंटना खरी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. कुणाला कुठली, हे पेशंटला ठाऊक नाही, डॉक्टरांना नाही, मलाही नाही. बाटल्यांवर नुसते नंबर. पेशंटनं रोज वहीत लिहायचं, आज किती वेळा जाऊन आलो, रक्त पडलं का, पोट दुखलं का. दर चौदा दिवसांनी बुधवारी यायचं, वही दाखवायची, तपासायला रक्त द्यायचं, उरलेल्या कॅप्सूल परत करून नवी बाटली न्यायची.

सांगलीच्या त्या हॉस्पिटलात हे सगळं सांभाळायला मी होते. वैजयंती कोरे, वय एकतीस. माझ्याइतकं नेटकं फायलींचं कपाट सांगली-मिरजेत कुणाचं नाही अशी माझी समजूत होती, आणि ती खरीही होती.

"हे काय गं?" मी डागावर बोट ठेवलं.

रेश्मानं मान लांब करून बघितलं. "अय्या! पानाचं असंल ताई. टपरीवर बसून लिहिते ना मी."

एसटी स्टँडसमोर तिच्या वडलांची पानटपरी होती. वडलांचे हात कापायला लागल्यापासून तीच बसायची. सव्वीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, बोलायला फटकळ. पहिल्यांदा आली तेव्हा रडून डोळे सुजलेले होते. दिवसाला नऊ वेळा जावं लागायचं आणि जवळचा संडास म्हणजे रस्त्यापलीकडं स्टँडवरचा. गिऱ्हाईक पुढ्यात उभं, आणि ही टपरी उघडी टाकून रस्ता ओलांडून पळतेय. दुपारनंतर टपरी बंदच ठेवायला लागायची. आणि आता बेचाळिसाव्या दिवशी तिच्या वहीत रोज दोन-दोन, कधी एक. रक्ताच्या रकान्यात 'नाही' आणि त्याच्याखाली उगीच दोन रेघा, आनंदाच्या. मला तो रकाना बघून बरं वाटलं हे खरं. आपल्या हातून कुणी बरं होतंय असं वाटलं की कुणालाही बरं वाटतं.

"जा, बाहेर बस. बाटली देते मग," मी म्हणाले.

ती गेल्यावर मी वही पुन्हा उघडली. पानाचा डाग तपकिरी असतो, वाळला की काळपट होतो. हा विटकरी लाल होता आणि कडेनं पिवळा. मी जन्मानं सांगलीची. आईनं वर्षाची हळद कांडून आणली की डब्याला बोट लावायचं, त्याला बाबांच्या डबीतला चुना लावायचा आणि कपाळाला लाल टिळा ओढून घरभर हिंडायचं, हा आमचा लहानपणचा खेळ. हळदीला चुना लागला की ती लाल होते हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

म्हणजे कुणीतरी कॅप्सूल उघडली होती.

कॅप्सूल उघडून बघणं म्हणजे अभ्यासाच्या मुळावर घाव. आपल्याला खरं औषध मिळतंय की खोटं हे कळलं की माणूस वेगळं लिहायला लागतो, वेगळं वागायला लागतो. ही गोष्ट मी प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी अर्धा तास समजावून सांगितलेली होती. मला राग आला. आणि राग आला तसं हेही कळलं की चुना रेश्माचा असला तरी ही अक्कल तिची नव्हे.

दारात भूपालआण्णा मगदूम उभे होते.

आण्णा अभ्यासातलेच दुसरे पेशंट. एकसष्ट वर्षांचे, मार्केट यार्डात एका अडत्याकडं हळद पारखायला होते. चाळीस वर्षं तेच काम. हळकुंड मोडायचं, आतला गाभा बघायचा, तळहातावर घासायचं, वास घ्यायचा आणि सांगायचं, माल कसा आहे. आण्णांनी मान हलवल्याशिवाय तिथं सौदा पुढं सरकत नसे. पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि उजवा तळहात कायमचा पिवळा. पहिल्या दिवशी सहीऐवजी अंगठा उठवायला सांगते की काय म्हणून ते जरा ताठले होते, आणि मग माझ्या हातातून पेन घेऊन वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं होतं. तपासणीच्या बुधवारी ते आणि रेश्मा बाहेरच्या बाकावर शेजारी बसायचे. ती त्यांना मोबाइलवर काहीबाही दाखवून हसवायची.

त्या दिवशी ते भिंतीला हात लावत आत आले आणि खुर्चीत बसताना डोळे मिटून घेतले.

"आण्णा, बरं आहे ना?"

"झकास हाय म्याडम. वही बगा की."

वहीत रोज एक, दोन, एक. रक्त नाही. पोटदुखी नाही. अक्षर नेहमीसारखं वळणदार. मी त्यांच्या नखांकडं बघितलं. नखं पांढरी फटक होती.

"आण्णा, चुना कुणी आणला?" मी विचारलं.

मी असं विचारीन हे त्यांच्या मनात नसावं. पण त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती, ती लिहिण्यापुरतीच नवीन लागली होती. ते म्हणाले, "तिच्याच डबीतला."

"कॅप्सूल उघडून बघितलीत."

"व्हय. पयल्या बाटलीच्या वक्ताला. चौदा दिस झालं तरी पोरगी तशीच पळत होती. म्हटलं, बगूया तरी. माझी एक फोडली, तिची एक फोडली. माझीला वास हळदीचा. तिचीला कसलाच वास न्हाई. चुना लावला, माझी लालभडक झाली. तिची हाय तशी पिवळी. नुस्ता रंग म्याडम. असला माल आमच्याकडं येतो की, भायेरच्या बाजारातनं, परपेठचा."

"मग?"

"मग काय. आदलाबदल केली."

मी पेन खाली ठेवलं.

"तुमची कॅप्सूल तिला दिली? आणि तिची तुम्ही घेताय?"

"बाटल्या तुमच्या नंबरच्याच हैत. आतला माल फकस्त बदलला. दुसऱ्या बाटलीला बी, तिसऱ्या बाटलीला बी. बगून, चुना लावून. अंदाजानं काय केलं न्हाई." जणू मी त्यांच्यावर निष्काळजीपणाचा आरोप केला होता.

"का पण आण्णा?"

या प्रश्नाचं त्यांना खरंच नवल वाटलं. "माझ्या घरात तीन संडास हैत म्याडम. पोरांनी तीन मजलं बांधलं, तीन संडास बांधलं. तिला रस्ता वलांडाय लागतोय."

मी त्यांची वही पुढं सरकवली. "हे खरं सांगा. किती वेळा?"

"लिव्हलंय की."

"आण्णा."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "धा. बारा. रातचं मोजत न्हाई."

"रक्त?"

"पडतंय."

"आणि वहीत खोटं लिहिलंत?"

"खरं लिव्हलं असतं तर तुमी मला काडलं असतं. मग फुडची बाटली कुठनं आणू? आता चौदाच दिस ऱ्हायलेत. तिचं पुरं हुंदे. मग मला कुठं न्यायचं तितं न्या." मग हलक्या आवाजात, "चाळीस वर्सांत मी कुणाला खोटा माल खरा म्हणून सांगितला न्हाई. ह्येच पयलं."

त्यांचं रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्ट आणायला मी स्वतः वर गेले. रक्त सातवर आलेलं होतं. पहिल्या दिवशी बारा होतं, मागच्या खेपेलाही साडेदहा. जिन्यावरून खाली येताना बाहेरच्या बाकावर रेश्मा दिसली. पुडीतनं भडंग खात होती आणि फोनवर कुणाशी तरी हसून भांडत होती. दीड वर्ष तिनं भडंगाला हात लावला नव्हता, हे तिनंच मला सांगितलेलं. सांगलीच्या माणसाला भडंग बंद म्हणजे काय ते सांगलीच्याच माणसाला कळतं.

आता इथं मी खूप विचार केला, मनात मोठा झगडा झाला, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. मी टेबलाशी बसले, असं काही घडलं की भरायचा तो फॉर्म काढला आणि तारीख घातली. सातवर रक्त आलेल्या माणसाला चौदा दिवस घरी पाठवता येत नाही. आणि त्याला थांबवायचं तर कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहिलं की दोघांचंही बंद. एवढा साधा हिशेब होता. फक्त तो साधा आहे याचाच मला त्रास होत होता.

डॉक्टर आठल्ये अभ्यासाचे प्रमुख. कमी बोलणारे. त्यांनी फॉर्म उभ्यानंच वाचला.

"दोघंही बाहेर," ते म्हणाले. "मगदुमांना आत्ता ॲडमिट करा. मुलीकडनं बाटली परत घ्या."

"सर, तिला खूप बरं आहे. चौदा दिवस..."

"कोरेबाई, तिनं काय घेतलं आणि त्यांनी काय घेतलं हे आता आपण कुठल्या तोंडानं सांगायचं?"

आण्णांना दोन बाटल्या रक्त चढवलं, सूज उतरवायची इंजेक्शनं सुरू केली. रेश्माला मी आत बोलावून सगळं सांगितलं. आण्णांच्या वहीतले आकडे खोटे आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. 'मला आता गरजच न्हाई, आपोआप बरा झालो' असं त्यांनी तिला सांगितलं होतं. ती आधी वॉर्डाकडं पळाली. तासाभरानं परत आली, पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

"आण्णांनी त्यांचं औषध काढून मला दिलं," ती म्हणाली. "तुम्ही काय दिलं ओ ताई?"

उत्तराची वाट न बघता ती निघून गेली. मी बाटलीतल्या कॅप्सूल मोजल्या आणि आकडा लिहिला.

आण्णा बारा दिवसांनी घरी गेले. त्यांचं नवं औषध सुरू झालं, ते हळूहळू लागू पडलं. दोन-तीन महिन्यांत ते यार्डात जायला लागले. रेश्मा नेहमीच्या गोळ्या घेत राहिली, आणि तिचं पोट शांतच राहिलं. कॅप्सूल बंद झाल्यावरही. स्टँडवरून जाताना मला ती टपरीवर दिसायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. मी दिसले की ती पानाच्या ढिगावर पाणी शिंपडायला लागायची. माझ्याशी बोलायचं तिनं टाकलंच होतं. मीही मग पलीकडच्या फुटपाथनं जायला लागले.

असं दीड वर्ष गेलं.

मग अभ्यास संपला, आणि कंपनीकडून यादी आली. कुणाला काय दिलं होतं याची. निकाल तसा रडकाच होता, दोन गटांत सांगण्यासारखा फरक नाही. आठल्ये सरांनी यादीवरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं आणि कागद माझ्याकडं फिरवला.

मगदूम, भूपाल: औषध नसलेली कॅप्सूल. तांबोळी, रेश्मा: खरं औषध.

"उलटं छापलंय, सर," मी म्हणाले.

"नाही छापलं." त्यांनी चष्मा काढला. "खरं औषध बारीक दाण्यांत होतं, मेणासारख्या आवरणात. आतड्याच्या शेवटी गेल्यावर सुटावं म्हणून. त्याला ना वास, ना चुना लागायचा. आणि लोक हुंगून बघणार हे कंपनीला माहीत होतं, हळद म्हटल्यावर हुंगणारच. म्हणून खोट्या कॅप्सूलमध्ये मक्याच्या पिठात मुद्दाम चिमूटभर हळद घातली. स्वयंपाकातली."

"म्हणजे आण्णांनी..."

"हळद बरोबर ओळखली. औषध नाही ओळखलं."

प्रत्येक पेशंटला आपल्याला काय मिळत होतं हे कळवायचं पत्र जाणार होतं. तो त्यांचा हक्क, आणि सही माझी. बाकीची पत्रं मी टपालात टाकली. ही दोन पर्समध्ये ठेवली. का ते सांगता येणार नाही. ज्या बाईनं फॉर्म भरला तिनंच हेही पोचवावं, असं काहीतरी वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डात गेले. सौदा चालू होता. पोत्यांच्या राशी, जमिनीवर पिवळी धूळ, आणि एका राशीभोवती आठ-दहा माणसं आण्णांच्या तोंडाकडं बघत उभी. आण्णांनी हळकुंड मोडलं, गाभा उजेडात धरला, तळहातावर घासला, हुंगला आणि मान हलवली. लगेच बोली सुरू झाली. माझ्याकडं लक्ष गेल्यावर ते हसत पुढं आले. अंगानं चांगले भरले होते.

"म्याडम! हळद न्यायाला आलाय? थांबा, माझ्या हातानं काडून देतो."

मी पत्र दिलं. त्यांनी ते लांब धरून सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"ह्ये चुकीचं आलंय."

मी त्यांना मेणाचं आवरण सांगितलं, मक्याचं पीठ सांगितलं, चिमूटभर हळद सांगितली. माणसं बोली लावत होती, त्यामुळं मला जरा मोठ्यानं सांगावं लागलं. ते ऐकत होते आणि स्वतःच्या उजव्या तळहाताकडं बघत होते.

"म्हंजे त्या पोरीच्या तोंडातलं औशिद मी काडून खाल्लं," ते म्हणाले.

"तसं नाही आण्णा. तुम्हाला काय माहीत..."

"आनी मला लागू बी पडलं न्हाई. वाया गेलं."

पलीकडून कुणीतरी हाक मारली, "आण्णा, फुडची रास!" आण्णांनी ऐकलंच नाही. त्यांनी पत्राची घडी घातली, खिशात ठेवली, हात सदऱ्याला पुसला आणि फाटकाकडं चालायला लागले. माणसं राशीभोवती तशीच उभी राहिली. मी इतक्या वर्षांत पुष्कळांना वाईट रिपोर्ट सांगितले, पण त्या दिवशी जेवढी माझी मला लाज वाटली तेवढी कधी वाटली नाही.

तिथून मी सरळ टपरीवर गेले. रेश्मानं पानांवर पाणी शिंपडायला घेतलं. मी पत्र तिच्यापुढं धरलं आणि ती वाचत असताना सगळं एका दमात सांगून टाकलं.

तिनं पत्र गल्ल्याच्या डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "आण्णांना कळलं?"

"हो. आत्ताच."

"काय म्हणाले?"

ते बोलले तसंच मी सांगितलं, सौदा टाकून गेले तेही. ती ऐकून उठली. भर दिवसा तिनं टपरीची फळी लावली, दीड वर्षात पहिल्यांदा. "गाडी आहे ना तुमची? चला."

दीड वर्षांनी ती माझ्याशी बोलली ती अशी. मी स्कूटर काढली. अर्ध्या वाटेत तिनं माझ्या खांद्यावर चापट मारली. "थांबा. त्या दुकानापाशी."

ती दुकानात शिरली. मला बाहेर ऐकू येत होतं. "अख्खी हळद द्या. ही नको. ही पण नको. ती मागची दाखवा. हां, चकचकीत दिसतेय ती. सगळ्यात हलकी आहे ना? तीच द्या." दुकानदारानं दोनदा विचारलं, घरी वापरायची असेल तर चांगली देतो. ही म्हणाली, हीच पाहिजे.

आण्णांचं घर तीन मजल्यांचं. ते खालच्या सोप्यात भिंतीला टेकून बसले होते, टोपी बाजूला. सून दारात उभी होती, तिच्या तोंडावर काळजी. आल्यापासून पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणाली. रेश्मा त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"आण्णा, सौदा टाकून आला म्हणे."

"कशाला जाऊ आता," ते म्हणाले. "चाळीस वर्सं लोक ह्या हाताकडं बगून माल घ्यायचे. ह्या हातानं तुजं वाटुळं केलं असतं."

"केलं का पण?" रेश्मा म्हणाली. "माझ्याकडं बघा. दीड वर्षात मी स्टँडवर पळाले का? एकदा तरी?"

"त्ये मक्याच्या पिठानं न्हवं."

"मग कशानं?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीही वळली. दोघंही माझ्या तोंडाकडं बघत राहिले.

माझ्याकडं सांगण्यासारखं होतं. हा आजार आपला आपण चढतो, आपला आपण उतरतो. नेहमीच्या गोळ्या चालूच होत्या, त्यांनीही फरक पडला असेल. औषध नसलेली कॅप्सूल घेऊनही पुष्कळांना बरं वाटतं, आमच्या यादीतच तसे होते. हे सगळं मला पाठ होतं आणि सगळं खरं होतं. पण बाकावर तिच्याशेजारी बसून, डबीतला चुना लावून, स्वतःची म्हणून जी कॅप्सूल आण्णांनी तिच्या हातावर ठेवली, तिनं काय केलं आणि काय नाही, हे मला कुठं माहीत होतं?

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"बघा," रेश्मा आण्णांना म्हणाली. "ह्यांना पण माहीत नाही. आणि ह्यांना सगळं माहीत असतं."

आण्णा हसले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. मग रेश्मानं पिशवीतून पुडी काढली आणि एक हळकुंड त्यांच्यापुढं धरलं.

"बरं, ते जाऊ दे. घरी हळद संपली म्हणून घेतली. राजापुरी आहे, एक नंबर, म्हणाला दुकानदार. बरी आहे ना?"

त्यांनी बघितलंही नाही. "मला नगं इचारू."

"नका सांगू. अम्मीला देते, घालू दे भाजीत." तिनं हळकुंड त्यांच्या मांडीजवळ फरशीवर ठेवलं आणि माझ्याकडं वळून, अगदी सहज, टपरीच्या फळीला नवीन कडी बसवायची आहे, कुठं चांगली मिळते, असलं काहीतरी विचारायला लागली. मीही तिला काहीतरी सांगत राहिले. आम्ही दोघीही त्या हळकुंडाकडं बघत नव्हतो.

जरा वेळानं कट्‌ असा आवाज झाला.

आण्णांनी हळकुंड मोडलं होतं. गाभा दाराच्या उजेडाकडं धरला. तळहातावर घासला. नाकाशी नेला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"राजापुरी? कुणी सांगितलं तुला राजापुरी?"

"दुकानदारानं."

"आगं, रंग मारलाय वरनं! आत बग, पांडरं हाय नुस्तं. ही तू घरच्यास्नी खायला घालनार? पोट कसं हाय तुजं, म्हाईत न्हाई? काय अक्कल हाय का न्हाई त्या भाड्याला!"

"मोठं दुकान आहे ओ आण्णा," रेश्मा म्हणाली. "ते कशाला खोटं सांगतील?"

"मला सांगतीस? मला?" आण्णा भिंतीला हात न लावता उठले. टोपी घातली. सून पाणी घेऊन आली होती, ते उभ्यानंच घटाघटा प्यायले आणि तांब्या तिच्या हातात दिला. "कुठलं दुकान त्ये? चल, दाखव."

रेश्मानं पुडी उचलली. जाताना तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, हसली नाही. मी पर्समध्ये स्कूटरची किल्ली शोधत होते तोवर दोघं गल्लीच्या टोकाला पोचले होते, आणि आण्णांचा आवाज तिथूनही ऐकू येत होता.